कीर्तीचा वेग आणि ज्ञानाची गती

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन.)



२८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी कोलकात्यात सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाती प्रकाशाच्या विकिरणाचे एक नवे रहस्य आले. त्याचे स्मरण म्हणून आपण हा दिवस साजरा करतो. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, १९३० साली, रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. इतक्या वेगाने जागतिक कीर्ती लाभल्याची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात फार नाहीत. आजचा माझा विषय अशाच वेगवान कीर्तीचा आहे. मात्र तिची दुसरी बाजू मला आपल्यापुढे मांडायची आहे.

मी विज्ञानाचा पदवीधर नाही. कला शाखेत शिकलो आणि पत्रकारितेत आयुष्य गेले. त्यामुळे प्रयोगशाळेतील बारकावे सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु बातमी खरी की खोटी, साक्षीदार स्वतंत्र की एकाच घरचे, हे तपासणे हा माझा व्यवसाय आहे. आज विज्ञानाच्या क्षेत्रात नेमका हाच प्रश्न उभा आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

संदर्भोल्लेख म्हणजे काय?

एखादा संशोधक शोधनिबंध लिहितो, तेव्हा आपल्याआधी त्या विषयात कोणी काय काम केले, याचा उल्लेख करतो. या उल्लेखाला इंग्रजीत ‘सायटेशन’ म्हणतात. आपण संदर्भोल्लेख म्हणू. ही कल्पना आपल्याला परकी नाही. ज्ञानेश्वर माउलींनी भाष्यकारांना वाट विचारत आपण पुढे जात असल्याचे नम्रपणे नमूद केले आहे. भास्कराचार्यांनी बीजगणिताच्या ग्रंथात ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ या पूर्वसूरींची नावे घेतली आहेत. ज्याच्या खांद्यावर उभे राहून आपण दूरचे पाहतो, त्याचे ऋण मान्य करणे, हा संदर्भोल्लेखाचा मूळ अर्थ आहे.

अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९६०च्या दशकात या उल्लेखांची सूची प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. कोणता विचार कुठून निघाला आणि कुठवर पोहोचला, हे ग्रंथपालाला व संशोधकाला शोधता यावे, हा तिचा एक मोठा उपयोग होता. पुढे मोजदाद सोपी झाली आणि सूचीचे रूपांतर तराजूत झाले. २००५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचविला. एखाद्याच्या वीस शोधनिबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेख झाला असेल, तर त्याचा निर्देशांक वीस. वीस वर्षांच्या कारकिर्दीनंतर निर्देशांक वीसच्या आसपास असेल, तर तो यशस्वी शास्त्रज्ञ मानावा, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे, ज्यांनी हा तराजू बनविला, त्यांच्या मनातही कारकिर्दीचा हिशेब दशकांचा होता. मित्रहो, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आज या आकड्यावर नेमणूक होते, बढती मिळते, अनुदान मंजूर होते, विद्यापीठाची क्रमवारी ठरते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की, मोजमापच जेव्हा उद्दिष्ट बनते, तेव्हा ते चांगले मोजमाप उरत नाही. शाळेतील गुणांचे काय झाले, हे आपण घराघरांत पाहिले आहे. तेच आता संशोधनात घडते आहे.

आठ दिवसांत एक शोधनिबंध

पहिली कथा जर्मनीत जन्मलेल्या यान हेन्ड्रिक शोन या तरुणाची. १९९७ साली डॉक्टरेट मिळवून तो अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दाखल झाला. जिथे १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला, ती ही प्रयोगशाळा. शोनने सेंद्रिय स्फटिकांपासून ट्रान्झिस्टर बनविल्याचे, एकाच रेणूचा ट्रान्झिस्टर साकारल्याचे, असे एकामागून एक दावे केले. २००१ साली सरासरी दर आठ दिवसांनी एका शोधनिबंधावर त्याचे नाव झळकत होते. ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ ही जगातील सर्वांत प्रतिष्ठित नियतकालिके त्याचे लेखन छापत होती. पुरस्कार चालून येत होते. पुढेमागे त्याला नोबेल मिळणार, अशी कुजबुजही सुरू झाली होती. तेव्हा त्याचे वय जेमतेम एकतीस वर्षांचे होते.

दरम्यान, जगभरातील प्रयोगशाळांत अनेक होतकरू विद्यार्थी त्याचे प्रयोग पुन्हा करून पाहत होते आणि ते कोणालाच जमत नव्हते. प्रत्येकाला वाटे, चूक आपलीच आहे. कित्येकांची उमेदीची वर्षे या मृगजळामागे वाया गेली. अखेर २००२ साली लिडिया सोन आणि पॉल मॅकयुएन या प्राध्यापकांच्या एक साधी गोष्ट लक्षात आली. वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांतील ‘गोंगाट’ तंतोतंत सारखा होता. कोणत्याही मोजणीत उपकरणाची थरथर, आजूबाजूचे अडथळे यांमुळे बारीक चढउतार येतात, त्यांना गोंगाट म्हणतात. दोन प्रयोगांचे निष्कर्ष सारखे असू शकतात. गोंगाट कधीही सारखा नसतो. दोन माणसांची सही एकसारखी असेल तर एक खोटी आहे, हे सांगायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही!

स्टॅनफर्डचे प्रा. माल्कम बीस्ली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिने मूळ नोंदी मागितल्या. त्या नव्हत्या. नोंदवही नीट ठेवलेली नव्हती, संगणकात जागा नसल्याने माहिती पुसली असे उत्तर मिळाले, आणि मूळ नमुनेही शिल्लक नव्हते. २४ आरोपांपैकी १६ प्रकरणांत गैरवर्तन सिद्ध झाले. शोनची नोकरी गेली, शोधनिबंध मागे घेतले गेले, पुढे २००४ साली कोन्स्टान्झ विद्यापीठाने त्याची डॉक्टरेटही काढून घेतली. समितीने सहलेखकांना गैरवर्तनाच्या आरोपातून मुक्त केले. परंतु प्रश्न उरतोच. सहलेखक म्हणून कीर्तीत वाटा घेणाऱ्यांपैकी एकालाही मूळ नोंदी पाहाव्यात असे वाटू नये?

गोंगाटानेच पुन्हा पकडले

बेल प्रयोगशाळेच्या या अनुभवातून जग शिकले असेल, असे आपल्याला वाटेल. पण अठरा वर्षांनी, २०२० साली, अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचे रंगा डायस यांनी ‘नेचर’मध्ये सामान्य तापमानाला अतिसंवाहकता आढळल्याचा दावा केला. विजेचा यत्किंचितही अपव्यय न होता वहन करणारा पदार्थ, तोही केवळ पंधरा अंश सेल्सियसला! त्यासाठी प्रचंड दाबाची गरज होती, तरी शोध खरा असता तर तो युगप्रवर्तक ठरला असता. डायस हे मूळचे श्रीलंकेचे. एका दक्षिण आशियाई तरुणाच्या यशाचा आपल्यालाही आनंद व्हावा, हे स्वाभाविकच होते.

परंतु काही अभ्यासकांनी आकडेवारी मागितली आणि तिच्यात विसंगती दाखवून दिल्या. त्यांत अग्रभागी कोण होते? एच-निर्देशांकाचे जनक होर्हे हर्श! ज्यांनी आकड्याचा तराजू जगाला दिला, त्यांनीच आकड्यावर न थांबता मूळ नोंदींची मागणी लावून धरली. येथेही संशयाचे मूळ संकेतातील गोंगाट आणि पार्श्वभूमीच्या हाताळणीत होते. २०२२ साली तो शोधनिबंध मागे घेण्यात आला. मार्च २०२३ मध्ये आलेला दुसरा दावा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मागे घ्यावा लागला, आणि ही विनंती अकरापैकी आठ सहलेखकांनीच केली होती. त्यांत डायस यांच्या माजी विद्यार्थ्यांचाही समावेश होता. आपले मार्गदर्शक, आपले शिफारसपत्र, आपले भवितव्य ज्यांच्या हाती, त्यांच्याच विरोधात सत्य सांगायला जे धैर्य लागते, त्याला मी खरी वैज्ञानिक वृत्ती म्हणतो. विद्यापीठाच्या चौकशीत गैरवर्तन झाल्याचा निष्कर्ष निघाला आणि २०२४ अखेर डायस विद्यापीठात राहिले नव्हते.

आपल्या हिमालयावरील डाग

हे सारे परदेशात घडते, आपण मात्र शुद्ध, असे समजण्याचे कारण नाही. पंजाब विद्यापीठातील भूगर्भशास्त्रज्ञ विश्वजित गुप्ता यांनी सुमारे दोन दशके हिमालयातील जीवाश्मांवर शेकडो शोधनिबंध प्रसिद्ध केले. देशोदेशीचे तज्ज्ञ सहलेखक झाले. १९८९ साली ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’मधून जगासमोर मांडले की, हिमालयात सापडले म्हणून दाखविलेले काही जीवाश्म अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील एका सुप्रसिद्ध ठिकाणच्या नमुन्यांशी जुळतात आणि काही मोरोक्कोहून आलेल्या, बाजारात विकत मिळणाऱ्या नमुन्यांसारखे आहेत. सहलेखकांपैकी अनेकांनी ती जागा कधी पाहिलीही नव्हती. ज्या नगाधिराजाला आपण देवतात्मा मानतो, त्याच्या भूगर्भाचा इतिहासच या लेखनाने गढूळ झाला. आणि विद्यापीठाच्या चौकशीत दोषी ठरूनही हे गृहस्थ निवृत्तीपर्यंत नोकरीत राहिले, हे अधिक लाजिरवाणे आहे.

नवा व्यापार

आतापर्यंतच्या कथांत निष्कर्ष खोटे होते. आजचा व्यापार त्याहून सोपा आहे. त्यात मोठा शोध लावल्याचे सोंगही आणावे लागत नाही. केवळ उल्लेख वाढवायचे असतात. त्याचे प्रमुख मार्ग असे.

पहिला, स्वसंदर्भ. आपल्याच जुन्या निबंधांचा आपण उल्लेख करणे गैर नाही. संशोधनाची साखळी तशीच पुढे जाते. पण प्रमाण महत्त्वाचे. २०१९ साली सुमारे एक लाख आघाडीच्या शास्त्रज्ञांच्या आकडेवारीची सूची प्रसिद्ध झाली, तेव्हा स्वसंदर्भाचे मध्यक प्रमाण १२.७ टक्के असल्याचे दिसले. त्याच सूचीत किमान अडीचशे जण असे निघाले, की त्यांचे निम्म्याहून अधिक उल्लेख स्वतःचे किंवा सहलेखकांचे होते. चेन्नईतील एका प्राध्यापकांच्या बाबतीत हे प्रमाण ९४ टक्के होते!

दुसरा, परस्परांची पाठ थोपटणे. उंटाच्या लग्नात गाढवे गायला आली. त्यांनी उंटाच्या रूपाची स्तुती केली आणि उंटाने त्यांच्या आवाजाची, ही संस्कृतातील जुनी थट्टा आपल्याला ठाऊक आहे. आज दहा-वीस संशोधकांचे टोळके हेच करते. त्यात भर म्हणून काही परीक्षक दुसऱ्याचा निबंध मंजूर करताना ‘माझ्या अमुक निबंधांचा उल्लेख करा’ अशी अट घालतात. ही सरळसरळ खंडणी आहे.

तिसरा, शोधनिबंधांचे कारखाने. तयार निबंध आणि त्यावरील लेखकाची जागा पैसे देऊन विकत मिळते. २०२३ या एका वर्षात जगभरात १० हजारांहून अधिक शोधनिबंध मागे घेण्यात आले. त्यांतील ८ हजारांहून अधिक एकट्या ‘हिंदावी’ या प्रकाशन संस्थेचे होते.

चौथा मार्ग संस्थांचा. दक्षिणेतील एका दंतवैद्यक महाविद्यालयात पदवीच्या विद्यार्थ्यांकडून परीक्षेतच निबंध लिहवून घेतले जात आणि त्यांत त्याच संस्थेच्या निबंधांचे उल्लेख पेरले जात, हे २०२३ साली उघड झाले. क्रमवारीत ती संस्था अर्थातच वर होती.

चिन्हे ओळखावी कशी?

स्टॅनफर्डचे प्रा. जॉन आयोनिडिस यांनी अलीकडे अशा संशोधकांचा अभ्यास केला आहे, जे पहिला निबंध प्रसिद्ध झाल्यापासून आठ वर्षांच्या आत सर्वाधिक उल्लेखितांच्या यादीत पोहोचले. २०१९ नंतरच्या काही वर्षांत अशांची संख्या झपाट्याने वाढली. यांतील काही निखळ गुणवंत आहेत. मग गुणवंत कोण आणि बनाव कोणाचा? सामान्य वाचकालाही विचारता येतील असे काही प्रश्न मी मांडतो.

निबंधांची संख्या मानवी श्रमांच्या मर्यादेत आहे काय? २००० ते २०१६ या काळात एखाद्या वर्षी ७२हून अधिक, म्हणजे साधारण पाच दिवसांना एक, निबंध ज्यांच्या नावे आहेत असे ९ हजारांवर लोक आढळले होते. त्यांत बहुसंख्य भौतिकशास्त्रातील शेकडो-हजारो जणांच्या समूहप्रकल्पांचे सदस्य होते. ते समजण्यासारखे आहे. पण एकट्या-दुकट्याने हा वेग गाठला असेल, तर थांबून पाहिले पाहिजे.

उल्लेख कोणाकडून येतात? जगभरातील अनोळखी अभ्यासकांकडून, की त्याच वीस नावांकडून? एकाच निबंधात एकाच माणसाचे पंधरा-वीस निबंध उद्धृत झाले आहेत काय? विषयाशी संबंध नसलेल्या लेखांतून उल्लेख येतात काय? नदीचे पाणी दुपारी एकाएकी वाढले आणि वर पाऊस नाही, तर कोणीतरी धरणाचे दरवाजे उघडले आहेत हे शेतकरी ओळखतो. तसेच हे आहे.

लेखक दर वर्षी नव्या देशातील नवे सहलेखक आणि नव्या विद्यापीठाचा पत्ता धारण करतो काय? यापूर्वी त्याचे निबंध मागे घ्यावे लागले आहेत काय? आणि सर्वांत महत्त्वाचे: त्याचा प्रयोग दुसऱ्या कोणाला जमला आहे काय? मूळ नोंदी मागितल्या तर मिळतात काय?

रामन यांच्याकडे पुन्हा वळू. त्यांची कीर्तीही वेगवान होती. पण त्याच वर्षी मॉस्कोत लॅन्ड्सबर्ग आणि मँडेलस्टाम यांना स्फटिकांत तोच परिणाम स्वतंत्रपणे आढळला, आणि काही महिन्यांतच इतर देशांतील प्रयोगशाळांत तो पडताळला गेला. अगदी अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करणारी ‘अल्फाफोल्ड’ प्रणाली. तिच्यावरील निबंध २०२१ साली आला, त्याचे उल्लेख हजारोंनी झाले आणि त्याचे प्रमुख लेखक जॉन जम्पर यांना वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, २०२४ साली, नोबेल मिळाले. कारण ती प्रणाली जगभरातील जीवशास्त्रज्ञ प्रत्यक्ष वापरत आहेत. म्हणून वेग हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. तो केवळ तपासणीचे निमित्त आहे. एखाद्या तरुणाला आकड्यावरून बदनाम करणे हे त्याला आकड्यावरून डोक्यावर घेण्याइतकेच अन्यायाचे होईल.

याउलट, सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांनी १९३०मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या मर्यादेचा विचार मांडला. १९३५ साली एडिंग्टनसारख्या दिग्गजाने भर सभेत त्याची खिल्ली उडविली. नोबेल मिळाले १९८३ साली. मधल्या पन्नास वर्षांत हा माणूस शांतपणे काम करीत राहिला. आजच्या तराजूत घातले असते, तर त्या काळात त्यांच्या पारड्यात किती वजन पडले असते?

किंमत कोण मोजतो?

मित्रहो, यात आपले काय जाते, असे कोणाला वाटेल. सांगतो. एका मध्यमवर्गीय घरातील मुलगी पाच-सहा वर्षे प्रयोगशाळेत घाम गाळते आणि तिच्या हाती तीन प्रामाणिक निबंध येतात. मुलाखतीला तिच्याशेजारी तीस निबंधांचा धनी बसलेला असतो. जागा त्याला मिळते. ती मुलगी एक तर परदेशी जाते, किंवा संशोधन सोडते, किंवा तीही त्याच वाटेने जायला शिकते. या तिन्हींत नुकसान राष्ट्राचेच आहे. प्रयोगशाळा चालते ती करदात्याच्या पैशावर. आणि वैद्यकातील खोट्या निबंधावर विसंबून डॉक्टरने औषध दिले, तर त्याची किंमत रुग्णाला चुकवावी लागते.

समाधानाची बाब अशी की, जाग येऊ लागली आहे. जगातील सर्वाधिक उल्लेखितांची यादी करणाऱ्या ‘क्लॅरिव्हेट’ने २०२३ साली हजाराहून अधिक आणि २०२४ साली दोन हजारांहून अधिक नावे संशयास्पद म्हणून वगळली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमांत पीएच.डी.पूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढून टाकली. राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत २०२५पासून मागे घेतलेल्या निबंधांसाठी गुण वजा होऊ लागले. ही पावले योग्य दिशेची आहेत, पण नियमांना वाकडी वाट काढणारे बुद्धिमान असतात. अंतिम उपाय एकच. निवड करणाऱ्याने उमेदवाराचे दोन-तीन निबंध स्वतः वाचावेत आणि त्याला त्यावर प्रश्न विचारावेत. यात वेळ जातो. पण ज्याला वाचायला वेळ नाही, त्याने निवड समितीवर बसू नये.

आम्हा पत्रकारांनाही मी बाजूला ठेवीत नाही. ‘जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत आपल्या गावचा सुपुत्र’ अशी बातमी दर वर्षी छापून येते. सुपुत्राने नेमका कोणता शोध लावला, हे त्या बातमीत क्वचितच असते. आता तो एक प्रश्न विचारूनच बातमी छापू या.

आणि पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. आपला मुलगा, आपली मुलगी संशोधनात असेल, तर ‘किती निबंध झाले?’ असे विचारू नका. ‘या वर्षी काय नवे कळले?’ असे विचारा. एखाद्या वर्षी ‘प्रयोग फसला’ असे उत्तर आले, तर ते अभिमानाने ऐका. प्रयोग फसला म्हणून सांगणारे मूल तुमच्या घरात आहे, याचा अर्थ त्याची नोंदवही खरी आहे.

ज्या देशाच्या राजमुद्रेवर सत्याच्या विजयाचे वचन कोरलेले आहे, त्या देशाच्या विज्ञानाला यापेक्षा मोठी कसोटी नको. आपले आकडे थोडे कमी भरले तरी चालतील. पण जगात कोठेही, कोणीही आपला प्रयोग पुन्हा करून पाहिला, तर तो तसाच यायला हवा.